सालईच्या डिंकातले केस

११ फेब्रुवारी, रविवार

दिसलं! आज खरंच दिसलं! अकोल्याची पोरं-पोरी सकाळी माझ्या टपरीवर चहा पिऊन काळ्या बुरुजाकडे चढली होती. माझं भाकरीचं पीठ मळून होत नाही तोच धडपडत खाली! एका पोरीच्या पायात एकच बूट. मी पाणी द्यायला गेली तर पेला दातावर कडकड वाजे तिच्या. "काकू, अस्वल! एवढं मोठं!" — आणि हात असे पसरले की जणू हत्ती पाहून आली.

श्याम, त्यांना वर नेणारा गाईड, मागून निवांत उतरला. माझा पोरगा आहे म्हणून सांगत नाही, पण त्याचं डोकं थंड. वळणावरच्या बोरीच्या जाळीतून काळं धूड निघालं म्हणे, नाक भुईला लावून फुसफुस करत. त्यानं सगळ्यांना एका जागी गोळा केलं, कोणाला पळू दिलं नाही, मोठमोठ्यानं बोलत एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं. "पळालं की ते मांगं लागते ताई. त्याच्याहून जोरात पळणारा मानूस अजून जन्माचा हाये," असं त्या पोरीला सांगत होता. आणि तिचा दुसरा बूट त्याच्या हातात! परत जाऊन आणला गड्यानं.

सुनेकडे पाहिलं. गीतांजली माझ्या नातीला, चिमीला, मांडीवर घेऊन दारात बसलेली. नवऱ्याचं कौतुक डोळ्यात मावत नव्हतं, पण तोंडानं म्हणाली, "बुटासाठी कायले गेले वापस? पायात काटे रुतले असते तिच्या, अजून काय."

१३ फेब्रुवारी

फॉरेस्टचा गार्ड मनोज आला आणि वाट सुरू होते तिथं फलक ठोकून गेला. पिवळा, वर काळं अस्वल. मला अक्षरं वाचता येतात याचा त्याला मोठा आनंद. खताच्या पोत्यांवरून आणि पुडीच्या कागदांवरून शिकली मी, शाळेचं तोंड कुठं पाहिलं. "मावशी, लोकं तुमच्या इथं थांबतात, तुमीच वाचून दाखवत जा."

तर वाचून दाखवते. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना वर जायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. गप्प चालायचं नाही, बोलत चालायचं. वाट सोडायची नाही — वारूळ, बोरीची जाळी, कपारी, तिकडं तर मुळीच नाही. खायचं टाकायचं नाही. आणि अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड भुईकडे, हात मानेमागे. अस्वल तोंड धरतं म्हणून.

शेवटचं मी टपरीसमोर पडून करून दाखवलं. आयशाबी बांगड्यांची पेटी घेऊन चालली होती, थबकली. "या अल्ला! गोदा, काय झालं गे? चक्कर?" म्हटलं, अस्वल आलं तर काय करायचं ते शिकवून राहिली. "ते तुले पाहूनच पळंन," म्हणते! गीता हसून हसून खाली बसली. चिमी दचकली नि रडायला लागली.

१८ फेब्रुवारी, रविवार

वाटलं होतं लोक कमी होतील. झाले दुप्पट! अमरावतीचा एक गृहस्थ, गॉगल कपाळावर, विचारतो कसा — "काकू, अस्वल साधारण किती वाजता येतं?" म्हटलं, "यष्टी गेली की येते. बसा, बेसन-भाकर खाऊन घ्या तोवर." बसला की हो खरंच!

आज कोणाला दिसलं नाही. श्यामनं फक्त सालईचं झाड दाखवलं, तेही वाटेवरूनच, लांबून. नाल्याच्या अंगाला आहे ते. अस्वल पाठ खाजवतं तिथं. साल सोलून निघालीय, डिंक गळतो, आणि त्या डिंकात त्याचे काळे लांब केस चिकटलेले. ऊन पडलं की चमकतात म्हणे.

२१ फेब्रुवारी

आता केसांचं सुरू झालं. तरी म्हटलं अजून कसं कोणी बोललं नाही.

आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकरू झोपेत दचकत असेल, भ्यायलं असेल, तर अस्वलाचा केस ताइतात घालून काळ्या दोऱ्यात गळ्यात बांधायचा. पूर्वी अस्वलवाले यायचे दारोदार, एक केस उपटून द्यायचे. ते बंद झाल्याला जमाना झाला. आता डोंगरावर झाडभर केस आहेत म्हटल्यावर सगळ्या आया जाग्या झाल्या. सुभद्रा आली, तिच्या मागून आणखी दोघी. "श्यामभाऊ, एखादा आणसाल का?"

श्याम सगळ्यांना एकच सांगतो, "वाट सोडून जाता येत नाई ताई. मीच गेलो तर लोकायले कोन्या तोंडानं सांगू?"

खरं आहे त्याचं. पण चिमीची दशा पाहवत नाही. भांडं वाजलं की दचकते, कुत्रं भुंकलं की निळी पडते रडून. सहा महिन्यांचं लेकरू, पण अंगावर मूठभर मांस नाही. अकोटच्या डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले वाढेल तसं कमी होईल. गीताचे डोळे खोल गेलेत.

जेवताना मी बोलून गेली. श्यामला म्हटलं, "तुलेबी बांधला होता रे मी. तूबी असाच दचके. एक केस आणला तर डोंगर काही खाली येत नाई."

तो ताट उचलून उठला. गीता चिमीला थोपटत राहिली. आयशाबीला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली — "अल्लाचं नाव घे, दवा दे, अन् गप्प बस. ज्या जनावराले तू भेतं, त्याचे केस लेकराच्या गळ्यात? डोकं फिरलं का तुहं?"

२६ फेब्रुवारी

चिमी झोपली नाही. गीताही नाही. मीही नाही.

३ मार्च, रविवार

श्यामला अस्वलानं धरलं.

६ मार्च, अमरावती

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते. अक्षर वाकडं येते. येऊ दे.

जिवंत आहे. डावा डोळा गेला. उजव्याची पापणी फाटली, ती शिवली, दोन्हींवर पट्टी आहे. जबडा तारेनं बांधलाय. तोंड वाचवायला हात पुढं केला असेल, उजव्या हाताची बोटं चघळल्यासारखी झालीत, ती पांढऱ्या गाठोड्यात. नळीनं दूध पाजतात. माझ्या हातची भाकर खाणारा माझा पोरगा!

जे वर गेले होते त्यांनी सांगितलं ते असं. बुरुजावरून परतताना श्यामनं त्यांना सपाट दगडावर बसवलं. "पाणी प्या, मी आलोच," म्हणाला आणि झाडीत उतरला. थोड्या वेळानं ओरडणं आलं. माणसाचं का जनावराचं, ते कळलं नाही म्हणे. सगळ्यांनी मिळून आरडाओरड केली, बाटल्या दगडावर आपटल्या. त्यानंच शिकवलं होतं ना. काळं काहीतरी झाडीतून निघून गेलं. मग हा रांगत वर आला. वाटेपर्यंत आला आणि पडला.

आयशाबीच्या शाहनवाजनं गाडी काढली. अकोटला थांबू नका, सरळ अमरावती, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्या रस्त्यानं शाहनवाज एकच म्हणत राहिला, "श्यामभाई, सुनता है ना? सुनता है ना?" मी श्यामचे पाय धरून बसली होती. डोक्याकडे बघवत नव्हतं.

७ मार्च

नर्सबाईंनी त्याचे कपडे दिले पिशवीत. शर्टाच्या खिशात कागदाची पुडी. उघडली.

केस. काळे, लांब, डिंकासकट. रक्तानं कागदाला चिकटलेले.

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. मग उठली, मोरीत टाकले आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. नर्सबाई म्हणाल्या, "काय टाकलं आजी?" काही नाही म्हटलं.

त्याच्याजवळ जाऊन कानात विचारलं, "केसासाठी गेला होता का रे?" डाव्या हातानं माझं बोट दाबलं. मग घशातून काहीतरी गूं-गूं करायला लागला, मान हलवायला लागला. म्हटलं, नको बोलू राजा, टाके तुटतील. गप्प पड. सगळं कळलं मला.

११ मार्च

गावात आली. कपडे न्यायचे होते, चिमीला पाहायचं होतं. दवाखान्यात तान्ह्या लेकराला येऊ देत नाहीत, म्हणून गीता इथंच आहे. एकदा शाहनवाजच्या गाडीनं जाऊन नवऱ्याला पाहून आली. तेव्हापासून बोलणंच कमी केलंय.

गाव कढईसारखं तापलंय. मारुतीच्या पारावर सगळे जमलेले. नत्थुजी, आमच्या शेजारचे, मला पाहून उठून उभे राहिले. एरवी उठत नाहीत कोणासाठी.

"वहिनी, ते अस्वल वाटेवर येऊन मानसं धरून राहिलं. आज श्याम, उद्या कोन? आमी ठरवलं. नाल्यातली त्याची कपार माहीत हाये. तोंडाशी गवत अन् वाळल्या मिरच्या पेटवतो. धुरानं बाहेर आलं का भाले हायेत, कुत्रे हायेत. तुमी फक्त हो म्हना. पोरगं तुमचं हाये."

पोरं भाले घासत बसली होती. कोणाच्या ओठावर मिसरूड नाही अजून. एक जण हसत होता, जसं काही लग्नाला चाललेत.

मी उद्या सकाळी सांगते म्हटलं.

१२ मार्च

सांगितलं.

रात्री सगळं जुळवून ठेवलं होतं, पारावर गेल्यावर एक शब्द आठवेना. शेवटी जसं आलं तसं बोलली. श्याम वाटेवर नव्हता. अस्वल वाटेवर आलंच नाही. तो स्वतः झाडीत गेला, सालईपाशी, केस आणायला. माझ्या नातीसाठी. मीच म्हटलं होतं आण म्हणून.

भाले घासणाऱ्या पोरांचे हात थांबले.

"म्हंजे?" नत्थुजी म्हणाले. "गाईड? बिल्ला लावून फिरते तो? आमाले तर बोट दाखवून सांगे, वाट सोडू नोका!"

"हो."

"अन् मांगं त्या लोकायले एकटं बसवून?"

"हो."

"मंग अस्वलाचा काय गुना, वहिनी?"

म्हटलं, तेच तर सांगायला आली. ते त्याच्या घरात होतं. आमचाच पोरगा त्याच्या घरात शिरला. तुम्ही धूर कराल, ते बाहेर येईल ते सरळ तोंडावर येईल. त्या वॉर्डात आणखी एक आई माझ्या बाजूला बसलेली मला पाहायची नाही. तिला सांगायला माझ्याकडे काहीच नाही.

भाले खाली ठेवले गेले. पण माझ्याकडं कोणी पाहिना. नत्थुजी जाता जाता पचकन थुंकले. पायाशी नाही, बाजूलाच, पण थुंकले. मागून कोणीतरी बाई हळूच, "पोटच्या पोराले चारचौघात उघडं पाडलं बाई! कोनती माय करते असं?"

दुपारी मनोज आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, बिल्ला द्यावा लागंन." गीतानं आतून आणून दिला. पदरानं पुसून दिला.

तिला म्हटलं, रागावलीस का? "नाई," म्हणाली. पण ताट ठेवलं ते जरा आदळूनच.

१५ मार्च

आज तिनं विचारलं. भीतच होती मी ज्याला, तेच.

"आई, त्यायनं केस आणले होते म्हंता. कुठी हायेत?"

खोटं बोलता आलं असतं. "मोरीत टाकले," म्हटलं. "रक्तानं भरले होते गीता."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, आवाज न चढवता, "त्यायचा डोळा गेला त्याच्यासाठी. अन् तुमी मोरीत टाकले." चिमीला उचललं नि आत गेली.

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आयशाबी उपाशीपोटी, रोजा तिचा, उन्हात माझ्यासाठी दवाखान्यात न्यायचा डबा बांधत होती. म्हटलं, मी चुकली का गं? "टाकले ते चांगलंच केलं," म्हणाली. "पण तिले सांगाची काय गरज होती? तुले पोटात काही ठेवताच येत नाई. पार काय, घर काय, सगळीकडं भडाभडा!"

२० मार्च

जे वाटलं होतं त्याच्या उलटंच झालंय.

मी पारावर खरं सांगितलं ते अस्वल वाचावं, पोरं वाचावीत म्हणून. धूर करायचं तर सगळे विसरले. पण आता घरोघर एकच बोलणं — श्याम एवढा जाणता, फलकावरचं सगळं पाठ, तरी जिवावर उदार होऊन गेला, म्हणजे केसात काहीतरी असलंच पाहिजे! सुभद्रा सांगत होती, वरूडहून तिची बहीण विचारते, अमरावतीहून कोणाची सून विचारते. "मावशी, झाड नेमकं कुठल्या अंगाला हो?" मलाच विचारतात!

मनोजनं वाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून ठेवल्यात. दिवसातून दोनदा येतो. काल दोघीजणी फांद्या ओलांडताना सापडल्या त्याला, साड्या काट्यात अडकून. एकजण याच्यावरच ओरडली, "तुले लेकरं नाईत म्हनून कळत नाई!" बिचारा. त्याचं तर लग्नच जमत नाही.

२२ मार्च, अमरावती

श्यामच्या चेहऱ्यावरची सूज उतरली थोडी. माझी चाहूल लागली की डाव्या हातानं काहीतरी खुणा करतो. हात खांद्यावरून मागं नेतो, परत परत. पाठ खाजतेय का म्हणून मी खाजवून देते. मान हलवतो, हात झटकतो. चिडतो. जबड्याला तार, डोळ्यांवर पट्टी. चिडेल नाही तर काय करेल. नर्सबाई म्हणाल्या, आजी त्याला शांत ठेवा, टाके अजून ओले आहेत.

गावातलं त्याला काही सांगितलं नाही. बिल्ल्याचं तर नाहीच नाही.

२६ मार्च

होळीला घरी आली होती. पुरण घातलं नाही. आज धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींचा गडी ओरडत आला. विहिरीत अस्वल!

त्यांच्या डोंगराकडच्या वावरातली विहीर, कठडा नाही, तोंड जमिनीसारखं. पाण्यासाठी आलं असेल. सगळा गाव धावला, मीही गेली. पाण्यावर काळं तरंगत होतं, तोंड खाली. बाजूच्या दगडांवर नखांचे ओरखडे, किती तरी, वरपर्यंत यायचा प्रयत्न केलेले. ते पाहिलं आणि मान फिरवली. त्यानं माझ्या पोराचा डोळा घेतला, तरी बघवलं नाही.

मनोजनं दोर लावून काढलं. वाकून पाहिलं. "नर हाये. म्हातारा, दात झिजलेले."

"नर असो का मादी," नत्थुजी म्हणाले, "गेलं ना! सुटलो. वहिनी, देवानंच न्याय केला पाहा." पारावर थुंकले त्यानंतर आज पहिल्यांदा बोलले माझ्याशी.

शाहनवाजनं फोटो काढले. सगळ्यांनीच काढले. बायका मागं उभ्या, पदराआड लहान कात्र्या. मला दिसल्या. मनोजनं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. "नियम हाये. सगळं जाळावं लागते, केसासकट." सुभद्रा पायाच पडली त्याच्या. एक चिमूट, साहेब, एक चिमूट! त्यानं ऐकलं नाही.

संध्याकाळी लाकडं रचून पेटवलं. केस जळाल्याचा वास गावभर पसरला. गीता दारात उभी राहून त्या धुराकडे बघत होती. चिमी तिच्या कडेवर, रडून रडून आवाज बसलेला.

२९ मार्च

वाटेच्या तोंडावरच्या काटेरी फांद्या गावानं काढून टाकल्या. आयशाबीनं फोनवर सांगितलं. मनोज म्हणत होता जरा थांबा, मला एकदा वर फिरून येऊ द्या. पण कोण ऐकतं! अस्वल मेलं, आता कशाला थांबायचं? रविवारी लोक येणार, टपऱ्या चालणार.

मला वाटलं होतं माझाही जीव हलका होईल. व्हायला पाहिजे होता.

२ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, उद्या उजव्या डोळ्याची पट्टी काढू. दिसेल असं वाटतं, पण पट्टी निघाल्याशिवाय सांगता येत नाही. मी देवाला काही मागत नाही फार, आज मागितलं.

संध्याकाळी गीताचा फोन. आपणहून! पंधरा दिवसांत मी फोन करायची, ती हो-नाही करायची.

"आई, उद्या बायका सालईकडं चालल्या. दहा-बाराजणी हायेत. आता अस्वलच नाई, तर नवे केस थोडीच येतीन. हायेत तेवढे संपले की संपले. मीबी जाऊ?"

माझ्या तोंडात "नको" आलं होतं. मग मोरीत ओतलेली ती बादली डोळ्यासमोर आली. त्याचा डोळा देऊन आणलेलं मी एका मिनिटात घालवलं. त्या पोरीनं परत काही मागितलं का? आज मागून राहिली. तेही विचारून.

"जा," म्हटलं. "आता कायचं भेव? उजाडल्यावर जा. सगळ्या मिळून जा. ऊन व्हायच्या आत उतरा."

"अन् चिमी? अंगावर पिते ते. आयशाचाचीजवळ रडून जीव घेईन."

"पाठीशी बांधून ने. श्यामला तशीच न्यायची मी वावरात."

ती हसली. खरंच हसली, लहानसं. "केसबी तिच्याच हातानं काढवते," म्हणाली.

किती दिवसांनी घरात शिरल्यासारखं वाटलं मला, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून.

३ एप्रिल

पट्टी काढली. दिसते त्याला! माझ्याकडे पाहिलं, डोळ्यातून पाणी आलं. शाहनवाज आला होता केळी घेऊन, त्यानं खुशीनं फोन पुढं केला — "देख भाई, तेरा दुश्मन. कुएँ में गिरके मरा."

श्यामनं फोटो पाहिला. परत पाहिला. मान हलवायला लागला, जोरात. तारेतून, दातांतून, एकेक शब्द — "हे नाई. मादी होती, माय. पाठीवर पिल्लं होते तिच्या."

गीताचा फोन लागत नाही. वर रेंज नसते. शाहनवाज मनोजला लावून राहिला. मी आयशाबीला लावला. ती म्हणाली, उजाडताच गेल्या सगळ्या, हसत-खिदळत. गीता सगळ्यात पुढं होती. चिमी पाठीवर.